आत्याचं हिमोग्लोबिन ७.६, डॉक्टर रक्त देत नाहीत, आणि एका संशोधकाचे अठ्ठावीस वर्षांचे पेपर

पलासियाची
नमस्कार मंडळी. जरा लांबडं होणार आहे, सांभाळून घ्या.
माझी आत्या, वय ६८, नऊ दिवसांपासून इथे इंदुरात एका खासगी दवाखान्यात आयसीयूत आहे. न्यूमोनिया झाला आणि संसर्ग रक्तात पसरला. परवा व्हेंटिलेटर निघाला, बीपी टिकवायची औषधंही बंद झाली. भरती केलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होतं, आज सकाळी ७.६ आलं. आम्हाला वाटलं आता रक्त चढवतील. दोन्ही आतेभाऊ सकाळी सातपासून रक्त द्यायच्या तयारीनं खाली बसलेत. डॉक्टर म्हणाले, "सातच्या खाली गेल्याशिवाय आम्ही देत नाही." त्यातला दादा चिडला, आवाज चढला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे १९९९ पासून माहीत आहे. पॉल एबेर नावाचे कॅनडाचे डॉक्टर आहेत, त्यांचे पेपर बघा."
रात्री बाकावर बसून मोबाइलवर पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) उघडलं. शेकडो पेपर! मी हिशेबाच्या कामातली बाई, त्यातलं मला काय कळणार? दोनच प्रश्न आहेत. ७.६ ला रक्त न देणं बरोबर आहे का? आणि एखाद्याच्या नावावर इतके पेपर असले की माणूस भरवशाचा, असं धरून चालायचं का?

ग्वाल्हेरची_माई
आत्याबाई लवकर बऱ्या होऊ देत गं. व्हेंटिलेटर निघालं म्हणजे मोठा घाट चढून झाला. तू दोन घास खाऊन घे आधी.

सुखलियाकर
मला तर हे पटत नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा हिमोग्लोबिन नऊ होतं, सर्जननी दोन बाटल्या लावल्या आणि बाबा चालत घरी आले. दहाच्या खाली रक्त द्यायचं, हेच आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. आता सातवर कसं आलं? रक्ताची टंचाई आहे म्हणून नियम बदलला असेल तर तसं सांगा ना सरळ.

भूलतज्ज्ञ_लष्कर
मी ग्वाल्हेरला भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूही बघतो. सुखलियाकर काका, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.
दहाचा नियम आला १९४२ मध्ये. ॲडम्स आणि लंडी या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन १० च्या वर असावं असं सुचवलं. तो त्यांचा अनुभव होता. दोन गट करून कुणी तपासलं नव्हतं, आणि तरी तो पन्नासेक वर्षं चालला.
एबेर आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. कॅनडातली २५ आयसीयू, ८३८ रुग्ण. अर्ध्यांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त, अर्ध्यांना १० च्या खाली येताच. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पहिल्या गटाला सरासरी २.६ पिशव्या लागल्या, दुसऱ्याला ५.६. तीस दिवसांत पहिल्या गटातले १८.७ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले २३.३ टक्के. एवढ्या रुग्णसंख्येत हा फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणून "कमी रक्तानं जीव वाचतात" असं त्यातून म्हणता येत नाही. पण कमी रक्त दिल्यानं नुकसान झालं नाही, हे दिसलं. आणि ५५ वर्षांखालच्या किंवा तुलनेनं कमी गंभीर रुग्णांमध्ये तर कमी रक्ताचा गट स्पष्टपणे बरा निघाला.
बाबांसारख्यांवरही अभ्यास झालाय. २०११, खुब्याचं ऑपरेशन झालेले २०१६ रुग्ण, ८ विरुद्ध १०. साठ दिवसांनी कुणाच्या आधाराशिवाय खोली ओलांडता येते का, हे बघितलं. फरक पडला नाही. म्हणजे बाबा त्या दोन बाटल्यांशिवायही चालत घरी आले असते, अशीच शक्यता जास्त.

सुखलियाकर
खोली ओलांडता येते का हे मोजलं, हे आवडलं. बाबांनी पहिल्यांदा संडासापर्यंतचं अंतर एकट्यानं कापलं तेव्हा आई रडली होती. ठीक आहे डॉक्टरसाहेब, वाचतोय.

बडोद्याचा_भाचा
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.
पेपर मोजू नका. एच-इंडेक्सही बाजूला ठेवा (वीस पेपर, प्रत्येकाचा दाखला निदान वीस ठिकाणी, म्हणजे एच-इंडेक्स वीस. माणूस किती वाचला गेला एवढंच त्यातून कळतं). यादी तारखेनुसार लावा आणि एकच गोष्ट बघा : हा माणूस कुठला प्रश्न घेऊन निघालाय, आणि तो प्रश्न त्यानं सोडला की धरून ठेवला?
तुमच्यासाठी एबेरांची यादी आज दुपारी मी तशी लावून पाहिली. १९९५, फक्त ६९ रुग्णांची रंगीत तालीम : असा अभ्यास करणं जमेल का, एवढंच बघितलं. १९९८, कॅनडाच्या आयसीयू डॉक्टरांची पाहणी, की रक्त नेमकं कधी देता? उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणजे प्रश्न खरा होता. १९९९, वर डॉक्टरसाहेबांनी सांगितला तो मोठा अभ्यास. २००१, त्यातल्याच हृदयरोग्यांचा वेगळा हिशेब. २००७, तोच प्रश्न लहान मुलांवर, ६३७ मुलं, लाक्रवा यांच्याबरोबर. २०१५, मग रक्त ताजं हवं का? मध्ये काही वर्षं कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाचं संपादनही केलं.
शेकडो नोंदींत बरंच काही असतं : पत्रं, संपादकीयं, दुसऱ्यांच्या अभ्यासातला सहभाग. पण ही सहा पावलं एका रेषेत आहेत. ओळखीच्या विहिरीत दरवर्षी थोडं खाली उतरणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

नंदानगर_भिया
भिया, यादी मोठी म्हणून भरवसा ठेवू नका, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. याच आयसीयूच्या क्षेत्रात जर्मनीचे योआखिम बोल्ट होते. स्टार्चच्या सलाइनवर ढीगभर पेपर, परिषदांमध्ये मान. एका पेपरातले आकडे संशयास्पद वाटतात अशी पत्रं वाचकांनी लिहिली, २०१० मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. २०११ मध्ये संपादकांनी मिळून जवळजवळ ९० पेपर मागे घ्यायचे ठरवले, कारण नीतिसमितीची परवानगीच सापडत नव्हती. २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यांचे पेपर वगळून सगळा हिशेब पुन्हा मांडला, तर त्या स्टार्चनं मृत्यू आणि किडनीचं नुकसान वाढतं असं दिसलं. माझा भाऊ औषधांच्या होलसेलमध्ये आहे, त्या बाटल्या त्यानं खोक्यांनी पोचवल्यात. ही बातमी वाचून तो दोन दिवस बोलला नव्हता.

बडोद्याचा_भाचा
भिया, फार महत्त्वाचं लिहिलंत. म्हणून माझी दुसरी कसोटी : त्या माणसानं स्वतःच्या विरुद्ध जाणारं काही छापलंय का?
रक्ताच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे. अमेरिकेचे हॉवर्ड कॉर्विन. आयसीयूतल्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन दिलं तर शरीर स्वतःच रक्त तयार करील आणि बाटल्या कमी लागतील, ही त्यांची कल्पना. २००२ मध्ये १,३०२ रुग्णांवर करून पाहिलं, बाटल्या खरंच कमी लागल्या. इथे थांबले असते तर आयुष्यभर सत्कार झाले असते. पण २००७ मध्ये १,४६० रुग्णांवर पुन्हा केलं. बाटल्या कमी लागल्या नाहीत, उलट रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. तेही त्यांनीच छापलं, पहिलं नाव स्वतःचं. मी दरवर्षी वर्गात हे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून शिकवतो.

दुपारची_चाय
एक शंका. रक्त तयार होण्यासाठी बीट, पालक, गूळ-शेंगदाणे चालू केले तर? आमच्याकडे बाळंतिणीला अळीव देतातच. आणि आत्या घरी आल्या की सराफ्यातून गराडू (तळलेला कंद) मी आणणार, ते ठरलं.

भूलतज्ज्ञ_लष्कर
गराडू नक्की आणा, भूक लागणं हेच मोठं औषध. पण आत्ता लोह पोटातून दिलं तरी फारसं शोषलं जाणार नाही. अंगात संसर्ग असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते लोहाचा दरवाजा लावून घेतं. संसर्ग ओसरला की मग फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वगैरे बघून लोहाचं बघता येतं. घरी गेल्यावर हे विसरू नका, तिथेच बहुतेक घरांत ढिलाई होते.

पलासियाची
सगळ्यांचे आभार. दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणतो, "ते सगळं ठीक, पण मुलाचं ताजं रक्त आईला दिलं तर काय बिघडतं? रक्तपेढीतलं जुनं रक्त देण्यापेक्षा बरं ना?" त्याच्या आवाजात इतकी कळकळ होती की मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त_लॅबवाला
बेटा, एकतीस वर्षं रक्तपेढी आणि लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून सांगतो. जवळच्या नात्यातलं ताजं रक्त उलट जास्त धोक्याचं. मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला कधीकधी परक्या वाटत नाहीत. त्या तिथे रुजतात आणि तिच्याच शरीरावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर आधी किरणं देऊन त्या पेशी निकामी कराव्या लागतात. दादाला हे प्रेमानं समजाव.
ताज्याबद्दल भाचेसाहेबांनी २०१५ चा उल्लेख केलाच आहे. आयसीयूतले २,४३० रुग्ण, एका गटाला सरासरी सहा दिवसांचं रक्त, दुसऱ्याला बावीस दिवसांचं. नव्वद दिवसांत ताज्या गटात ३७ टक्के दगावले, दुसऱ्यात ३५.३. म्हणजे ताज्याचा फायदा दिसला नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं ओळखीच्यांसाठी फ्रिजच्या मागच्या रांगेतली ताजी पिशवी शोधून काढायचो. हा पेपर वाचला त्या दिवशी ती सवय सोडली.
आता माझं जुनं दुखणं. आत्यांचं रक्त कुठे गेलं, याचा विचार केला का? २००२ मध्ये युरोपातल्या आयसीयूंचा अभ्यास आला होता. नुसत्या तपासण्यांसाठी रोज सरासरी ४१ मिली रक्त काढलं जात होतं. नऊ दिवसांचे झाले जवळजवळ ३७० मिली. रक्तदात्याची एक पिशवी ३५० ची असते.

पलासियाची
काका, अंगावर काटा आला. आज भेटीच्या वेळेत मुद्दाम बघितलं. एक जांभळ्या टोपणाची नळी, एक निळी, एक पिवळी, शिवाय रक्तातले वायू तपासायला छोटी सिरिंज. आणि गळ्याच्या लाइनमधून घेताना सिस्टरनी आधी एक सिरिंजभर रक्त काढून बाजूला टाकलं. आत्याच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे-हिरवे डाग आहेत. मी हात कुरवाळत होते, ती झोपेतच म्हणाली, "बांगड्या कुठे गं माझ्या?"

निवृत्त_लॅबवाला
ते टाकलेलं रक्त म्हणजे लाइनमधलं औषध मिसळलेलं रक्त, रिपोर्ट चुकू नये म्हणून काढतात. ते निर्जंतुक ठेवून परत देण्याची बंद व्यवस्था मिळते. आणि जांभळ्या नळीतल्या दोन-तीन मिलीपैकी आमच्या यंत्राला लागतो मिलीचा लहानसा भाग, बाकी दुसऱ्या दिवशी फेकतो. २०२३ मध्ये कॅनडातल्याच २५ आयसीयूंनी लहान नळ्या वापरून पाहिल्या, तपासण्या अडल्या नाहीत. तू डॉक्टरांना दोन गोष्टी नम्रपणे विचार : रोजच्या रोज सगळ्या तपासण्या लागतात का, आणि लहान नळ्या चालतील का. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

लेलेकाकू
थोडं अवांतर. पेपर मोजू नका म्हणालात म्हणून आठवलं. १९५२ मध्ये लॅन्सेटमध्ये छोटासा लेख आला : मुंबईचे भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी. त्यात पहिल्यांदा त्या रक्तगटाचं वर्णन आलं ज्याला आज बॉम्बे ग्रुप म्हणतात. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. माझ्या पुतण्याच्या सासूबाई या गटाच्या. ऑपरेशनच्या वेळी दाता शोधायला तीन दिवस फोन चालले होते, आणि शेवटी रात्री दीड वाजता एक मुलगा बस पकडून आला. त्या लेखाचे किती दाखले झाले मला माहीत करूनही घ्यायचं नाही. आमच्या घरात त्याची किंमत ठरलेली आहे.

ग्वाल्हेरची_माई
काकू, डोळ्यांत पाणी आणलंत. मीही एक सांगते. जपानच्या उताको ओकामोतो. युद्धानंतर संशोधनाला पैसा नाही, म्हणून नवरा-बायकोनं रक्तावर काम धरलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. १९६२ मध्ये ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा पेपर छापला. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हे औषध मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं ते थेट २०१७ मध्ये, २० हजारांवर बायकांवर. लवकर दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या, ९८ व्या वर्षी. मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली. शेवटच्या काही वर्षांत ही शीशी हाताशी असायची, आधीच्या वर्षांत नसायची. त्या आधीच्या वर्षांतल्या दोघींची नावं मला अजून पाठ आहेत.

भूलतज्ज्ञ_लष्कर
सगळे थांबा. मूळ प्रश्नाकडे परत येतो, आणि आधीच विचारायला हवं होतं ते आता विचारतो. पलासियाची ताई, आत्यांना हृदयाचा काही त्रास आहे का? कधी अटॅक, अँजिओप्लास्टी, स्टेंट?
भाचेसाहेबांच्या यादीतला २००१ चा पेपर पुन्हा बघा. मोठ्या अभ्यासातल्या ३५७ हृदयरोग्यांचा तो वेगळा हिशेब. एकूण फरक नव्हता, पण ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार गंभीर होता त्यांना कमी रक्त कदाचित बाधत असावं, असं एबेरांनी स्वतःच लिहून ठेवलं. आपल्याच गाजलेल्या अभ्यासाची मर्यादा दोन वर्षांत! आणि ही शंका कुठे पोचली? २०२३ मध्ये हार्ट अटॅक आलेल्या ३,५०४ रुग्णांचा अभ्यास आला, कार्सन पहिले, लेखकांत एबेरही. तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा अटॅक : कमी रक्ताच्या गटात १६.९ टक्के, जास्तवाल्यांत १४.५. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात अडकला, म्हणजे योगायोगाची शक्यता पुरती पुसली गेली नाही, पण कल जास्त रक्ताच्या बाजूनं आहे. त्याच वर्षीच्या अमेरिकन रक्तपेढी संघटनेच्या मार्गदर्शनात स्थिर रुग्णांना ७, आणि आधीपासून हृदयरोग असेल तर ८ विचारात घ्यावं, असं आहे.

पलासियाची
अरे देवा. डॉक्टर, आत्याची अँजिओप्लास्टी झाली आहे. आठ वर्षांपूर्वी पुण्याला, मुलीकडे गेली होती तेव्हा. एक स्टेंट. भरती करताना दादाच्या हातून फॉर्म भरला गेला, अँजिओप्लास्टीच्या वेळी तो परदेशात होता, त्याला "छोटंसं काहीतरी झालं होतं" एवढंच सांगितलेलं. फाइल पुण्यात ताईकडे आहे.

भूलतज्ज्ञ_लष्कर
आत्ता ड्यूटीवर जे डॉक्टर असतील त्यांना सांगा. सकाळची वाट बघू नका. फाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. छातीत दुखणं, धाप, ईसीजीतला बदल, हे ते बघतील आणि ठरवतील. भांडण नको, फक्त माहिती द्या.

सुखलियाकर
ताई, मी बाइकवर दहा मिनिटांत येतो, धावपळीला कुणी हवं असेल तर. मेसेज करा.

नंदानगर_भिया
मीही. ओ पॉझिटिव्ह आहे, शेवटचं देऊन चार महिने झालेत.

पलासियाची
दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. सगळे जागे होता, म्हणून सविस्तर लिहिते.
पुण्याहून ताईनं रात्री पावणेअकराला डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बघितला आणि मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते घरून आले. ईसीजी काढला, हृदयाचं एन्झाइम पाठवलं, दोन्ही ठीक. मग म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर मी सातचा नाही, आठचा आकडा धरला असता." एकच पिशवी दिली, सावकाश, साडेतीन तासांत. सकाळी ८.५. दुसरी देणार का विचारलं तर म्हणाले, एका वेळी एकच, मग पुन्हा बघायचं.
दादानं त्यांचे पाय धरले. त्यांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, चूक माझीही आहे, मी पुन्हा विचारायला हवं होतं.
नळ्यांचंही विचारलं. लहान नळ्या मुलांच्या विभागात होत्या, त्या आजपासून वापरताहेत, आणि रोजच्या तपासण्यांतल्या तीन कमी केल्या. सुखलियाकर काका रात्री दीडपर्यंत बाकावर बसून होते, थर्मासमध्ये चहा घेऊन. दोन्ही भावांनी आज एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत रक्त दिलं. आत्यासाठी म्हणून नाही. तिथे झाबुआकडची एक आई सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) असलेल्या मुलीला घेऊन बसली होती, दादा तिच्याशी बराच वेळ बोलत होता.
आत्यानं दुपारी दोन चमचे वरण-भात खाल्ला आणि बांगड्या पुन्हा मागितल्या.

बडोद्याचा_भाचा
फार बरं वाटलं. आत्यांना नमस्कार सांगा.

दुपारची_चाय
गराडू!!

पलासियाची
एक मागणं आहे. २००१ चा तो हृदयरोग्यांचा पेपर पूर्ण कुणाकडे आहे का? मला फक्त सारांश दिसतोय. मोठ्या डॉक्टरांनी प्रिंट मागितली आहे, ड्यूटीच्या खोलीत लावायला.

बडोद्याचा_भाचा
विद्यापीठाच्या ग्रंथालयातून उद्या सकाळी काढून देतो. तुमचा ईमेल निरोपातून पाठवा.